चाल उचलणे : संगीत आणि चित्रातली बिननावाची उसनवारी

दुसऱ्याची चाल, ठेका, नक्षी, चित्र किंवा फोटो घ्यायचा, आपल्या कामात वापरायचा आणि मूळ कोणाचं ते सांगायचंच नाही, ह्याला मराठीत उचलणं म्हणतात, चिडून बोलायचं तर ढापणं. लिखाणासाठी वाङ्मयचौर्य हा शब्द रुळला, गाण्याचित्रासाठी काही जण कलाचौर्य म्हणतात, पण बँडवाला किंवा स्टुडिओवाला असं बोलत नाही, तो म्हणतो 'चाल तिकडची आहे'. कव्हर, रिमिक्स, सॅम्पल हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत म्हणून त्यांची फोड इथे केलेली नाही. ही नोंद श्रेय न देण्यापुरती, आणि उदाहरणं जमेल तिथे खान्देशातली, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची.

आपल्याकडे ह्या विषयावर जुना आणि सगळ्यात बारकाईचा विचार राजशेखर ह्या संस्कृत कवीच्या काव्यमीमांसा ह्या ग्रंथात सापडतो. काळ साधारण नवव्या शतकाचा शेवट ते दहाव्याची सुरुवात. त्याच्या आधी आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात दोन कवींच्या साम्याचे तीन प्रकार केले होते, आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असावेत तसं, आणि पहिले दोन टाकावेत पण तिसरं साम्य चालेल असं त्याचं मत. राजशेखरानं त्यात चौथा प्रकार घातला, परपुरप्रवेश, मूळ एकच पण घर नवीन, आणि चारांचे प्रत्येकी आठ असे 32 पोटप्रकार केले. चर्चा कवितेची आहे पण चालीला ती जशीच्या तशी लागू पडते. सूर तेच ठेवून फक्त शब्द बदलले की प्रतिबिंब झालं, त्याच सुरांवर चार हरकती चढवल्या आणि ताल बदलला की आलेख्य, म्हणजे ते चित्रासारखं साम्य. कवी असो की व्यापारी, चोरी न करणारा कोणी नाही, लपवता येतं तो निंदेशिवाय मिरवतो, हेही त्याच ग्रंथात लिहिलंय.

ह्या ग्रंथातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते राजशेखराची बायको अवंतिसुंदरी हिच्या नावानं दिलेलं मत. आधी आचार्यांचं म्हणणं येतं की बाकीच्या चोऱ्या काळानुसार विसरल्या जातात, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही. त्यावर ती, माणूस कोणत्या कारणांनी दुसऱ्याचं बिनधास्त घेतो, त्याची यादीच देते : हा अप्रसिद्ध आहे मी प्रसिद्ध आहे, ह्याचे शब्द गुळवेलीसारखे कडू आणि माझे द्राक्षासारखे, ह्याच्या भाषेला मान नाही माझ्या भाषेला आहे, ह्याला ओळखणारे आता उरले नाहीत, ह्याचा कर्ता दूरदेशी आहे. हजारेक वर्षांपूर्वीची ही यादी आहे आणि अहिराणी गाणं उचलणाऱ्याला आजही ह्याच्या बाहेरचं एक कारण देता येत नाही.

राजशेखर कुठला, ह्यावर वाद आहे. तो कनौजच्या महेंद्रपालाच्या दरबारात होता हे नक्की, पण आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, तो महाराष्ट्रचूडामणी म्हणतो, आणि ग्रंथातल्या कथेत काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये, लावतो. त्यावरून घराणं विदर्भातलं धरणारे आहेत, फक्त घराण्याचा दूरचा संबंध मानणारेही आहेत. पहिलं मत जास्त पटतं. ग्रंथ छापून आला तो 1916 मध्ये, बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतलं पहिलं पुस्तक म्हणून.

मराठीत श्रेय द्यायची एक साधी पद्धत होती आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेलंय. संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' अशी ओळ असायची. 1880 च्या शाकुंतलापासून पुढे ही रीत चांगलीच पसरली, जलशाच्या आणि भजनाच्या पुस्तिकांतही आली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बाजारात पिवळट कागदाची, दोन पिना मारलेली गाण्यांची बारकी पुस्तकं मिळायची, त्यात अहिराणी गाण्याच्या वर कंसात सिनेमातल्या गाण्याचा मुखडा छापलेला असायचा, चाल म्हणून. संगीतकाराचं नाव नसायचं हे खरं, म्हणजे श्रेय अर्धंच, पण चाल आपली नाही हे कबूल केलेलं असायचं. यूट्यूबच्या काळात नेमकी ती ओळ गेली आणि तिच्या जागी 'संगीत' म्हणून ज्यानं कीबोर्ड वाजवला त्याचं नाव आलं.

उलट दिशेची उसनवारी, म्हणजे लोकगीतातून बाजारातल्या गाण्यात, जास्त दुखते. आखाजीला झोक्यावरची गाणी, कानबाई देवीची गाणी, वहीगायन हा लोकगायनाचा प्रकार, जात्यावरच्या ओव्या, ह्यांना एक कर्ता नाही, म्हणून ह्यांच्यावर 'पारंपरिक' लिहिलं की काम झालं असं समजतात, आणि बरेचदा तेवढंही लिहीत नाहीत. माझ्या आजीनं अमळनेरकडच्या एका खेड्यात म्हटलेली ओवी मी मोबाईलवर घेतली होती, मागे जात्याची घरघर आणि मधेच तिचा खोकला. नात्यातल्या ग्रुपवर टाकली. दोन वर्षांनी तीच ओवी, तोच शब्द फिरवायचा तिचा ढंग, डीजेच्या ठेक्यावर एका वरातीत ऐकली, गीतकार म्हणून भलत्याचंच नाव. आजीला ते ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

पण प्रत्येक साम्य म्हणजे चोरी नाही, इथे जपून बोलायला हवं. झोक्याच्या गाण्यांची चाल चारपाच सुरांत फिरते, अर्धी ओळ परत परत येते, आणि ओवीची मोडणी ठरलेली. 'अरे संसार संसार' ही बहिणाबाईंची ओळ मोजून आठ अक्षरांची आहे, ह्या मापात शेकडो बायकांनी शब्द बसवले, त्यामुळे दोन गाणी सारखी वाटणं साहजिकच. बहिणाबाई चौधरी (1880–1951) ह्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी ह्यांनी टिपून ठेवली म्हणून नाव टिकलं, 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्यांची बोली अहिराणी असं सरसकट लिहितात, लेवा गणबोली म्हणणं अधिक बरोबर. 

कायदा थोडक्यात असा. 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर हक्क नाही, मांडणीवर आहे. सात सेकंदांपर्यंत घेतलं तर चालतं ही स्टुडिओतली समजूत कायद्यात कुठेच नाही. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राम संपत ह्यांनी जाहिरातीच्या छोट्या धूनवरून सिनेमावाल्यांविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयानं ती मानली. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, मरणोत्तर छापलेल्या कामाला प्रकाशनापासून 60, म्हणजे बहिणाबाईंच्या पुस्तकाची मुदत 2012 अखेर संपली. पण प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 मधला कर्ता म्हणून नाव लावून घ्यायचा हक्क वेगळा, 2012 च्या दुरुस्तीनंतर तो वारसांनाही बजावता येतो, आणि तो मुदतीला बांधलेला नाही हे वाचन मला बरोबर वाटतं. लोकगीताला मात्र ह्यातलं काहीच लागत नाही कारण कायदा आधी विचारतो, कर्ता कोण? यूट्यूबची जुळणी करणारी यंत्रणा तेही विचारत नाही, आधी नोंदवलेल्या फाईलशी जुळतं का एवढंच बघते, म्हणून स्वतःच्या गावचं गाणं टाकणाऱ्यालाच दावा येऊ शकतो.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडानं 1939 मध्ये 'म्बुबे' रेकॉर्ड केलं, हक्क गेले जेमतेम दहा शिलिंगांत, गाणं इंग्रजी रूपात जगभर गाजलं, आणि घरच्यांशी तडजोड झाली 2006 मध्ये.

चित्रकलेत खान्देशाचा दुवा अजिंठ्याचा. लेणी जळगावपासून साधारण 60 किलोमीटर. रॉबर्ट गिल ह्या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकारानं 1844 पासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, 1879 मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. पुढे मुंबईच्या कलाशाळेतला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स ह्याच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी नव्यानं नकला केल्या, ब्रश त्यांचा, पण काम ओळखलं जातं ग्रिफिथ्सच्या नावानं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आज हॉटेलच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर असतो, मूळ चित्रकारांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत, तिथे निदान 'अजिंठा, लेणे 1' एवढं लिहिता येतं. शाळांच्या भिंतींवर वारली चित्रं काढतात ती पालघर-डहाणूकडची, खाली पेंटरचा फोन नंबर असतो, वारलीचं नाव नसतं. गोंदणाच्या आणि गोधडीच्या नक्षीचं तर कोणी विचारतच नाही.

अलीकडे काही पोरं गावोगाव फिरून गाणी रेकॉर्ड करतात आणि व्हिडिओखाली गाणाऱ्या बाईचं नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव आणि 'चाल : आखाजीची' असं लिहितात.