नाव माहीत नसलेला माणूस कसा सापडतो?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली प्रचंड चित्रं आहेत. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही त्यातली काही ठिकाणं. समजा, ती पाहून आलेल्या कुणाला वाटलं की या विषयावर जीव लावून, सातत्याने व्हिडिओ करणारं कुणीतरी असेलच, त्याला गाठायला हवं. यूट्यूबवर शोधताना तो काय टाइप करेल? 'कातळशिल्प'? 'कातळखोदचित्र'? इंग्रजीची सवय असेल तर 'पेट्रोग्लिफ' किंवा 'रॉक आर्ट'? युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ साली ही ठिकाणं गेली, ती मात्र 'जिओग्लिफ' या नावाने. आणि ज्याने भर उन्हात सड्यावर उभं राहून या सगळ्यांत उत्तम व्हिडिओ केला असेल, त्याने मथळा कदाचित 'आमच्या गावचं गूढ' एवढाच दिला असेल. शोधणारा आणि सांगणारा दोघेही तिथेच आहेत, पण शब्द जुळत नाहीत म्हणून गाठ पडत नाही.

ही अडचण इंटरनेटच्या आधीची आहे आणि ती मोजलीही गेली आहे. १९८७ साली जॉर्ज फर्नास, थॉमस लँडाउर, लुई गोमेझ आणि सुसन ड्यूमे या अमेरिकी संशोधकांनी लोकांना साधी कामं दिली: पाककृतींना शोधशब्द सुचवा, विकायला काढलेल्या वस्तू कोणत्या सदरात घालाल ते सांगा, मजकूर संपादनातल्या क्रियांना नावं द्या. एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता निघाली २० टक्क्यांहूनही कमी. त्यांनी सुचवलेला उपायही सरळ होता. प्रत्येक गोष्टीला एकच 'योग्य' नाव देण्याचा हट्ट सोडा आणि लोक वापरतील ती सगळी नावं तिला जोडा.

सर्च इंजिनचा पाया म्हणजे जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. कोणता शब्द कोणत्या पानांवर आला आहे, याची यादी आधीच तयार असते. आपण शब्द दिला की यंत्र त्या यादीतली पानं काढतं आणि त्यांचा क्रम लावतं. आताची इंजिनं शब्दांच्या पलीकडे जाऊन अर्थाचाही अंदाज घेतात, पण तो अंदाज उपलब्ध मजकुरावरून शिकलेला असतो. भाषेतला मजकूर कमी असेल तर अंदाजही कच्चा राहतो.

मराठीची तर आणखी वेगळी दुखणी आहेत. 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसात भिजलेला हरिश्चंद्रगड' दाखवायचा, तर 'पाऊस' आणि 'पावसात' यांचं नातं यंत्राला कळायला हवं, आणि आपल्या सामान्यरूपात मूळ शब्दच बदलून जातो. लिपीत तर डोळ्यांना न दिसणारे फरक आहेत. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकदा खाली नुक्ता असलेला र वापरून, आणि एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि आजही अनेक कीबोर्डांवरून ते तसंच उमटतं. मोठी इंजिनं हे फरक बऱ्याच अंशी मिटवून घेतात, लहान संकेतस्थळांची शोधपट्टी मात्र इथेच अडखळते. शिवाय बरंचसं मराठी आपण रोमन लिपीत लिहितो, आणि एका लाडूची रोमन स्पेलिंगं किती, ते सणासुदीला पाककृती शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

हे सगळे प्रश्न तांत्रिक आहेत, ते आज ना उद्या सुटतील. त्याखालचा प्रश्न जास्त खोल आहे. माहितीशास्त्राचे अभ्यासक निकोलस बेल्किन यांनी १९८०च्या सुमारास तो नेमका मांडला. माणूस शोधायला निघतो तेच मुळी त्याच्या माहितीत काहीतरी उणं असतं म्हणून, आणि सर्च इंजिन त्याला सांगतं की जे उणं आहे त्याचं वर्णन कर. 'विजेचं बिल कसं भरावं' याचं वर्णन करता येतं. क्रिएटरचं, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्या माणसाचं, कसं करणार? आपल्याला आवडतो तो त्याचा स्वर, सांगण्याची लय, विषयावरची माया, चुकीची माहिती न देण्याची काळजी. यातलं काहीही मथळ्यात लिहिलेलं नसतं. विषय शोधता येतो, माणूस भेटावा लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की सर्चने व्हिडिओ सापडतात, पण क्रिएटर बहुधा चाळता चाळताच सापडतात.

चाळण्याचं महत्त्व ओळखणारा सर्वांत मोठा विचारवंत भारतीय होता, आणि तो ग्रंथपाल होता. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, आणि तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वरवर पाहता एकच वाक्य उलटं केल्यासारखं वाटतं, पण दोन्हींतून निघणारी कामं वेगळी आहेत. दुसऱ्या सूत्रासाठी चांगली सूची पुरते: वाचक मागतो, आपण देतो. तिसऱ्यासाठी पुस्तकाच्या बाजूने विचार करावा लागतो. कुणीच मागितलं नाही, तर ते वाचकाच्या नजरेला पडणार कसं? रंगनाथन यांचं उत्तर होतं, कपाटं खुली ठेवा. वाचकाला आत येऊन हिंडू द्या, आणि पुस्तकं अशी लावा की एकाच्या शेजारी त्याचीच भावंडं असतील. १९३३ साली त्यांनी स्वतःची वर्गीकरण पद्धतही प्रसिद्ध केली. खुल्या कपाटासमोर वाचकाला जो योगायोग वाटतो, त्यामागे शेजार ठरवणाऱ्या कुणाचीतरी मेहनत असते.

वेबवरही अशी कपाटं होती. १९९४ साली स्टॅनफर्डमधले जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेलं याहू ही मुळात माणसांनी लावलेली विषयवार सूचीच होती. वेब फुगत गेलं तसं हाताने लावणं अशक्य झालं आणि २०१४च्या अखेरीस ती सूची बंद झाली. आता शेजार ठरवते शिफारस यंत्रणा, म्हणजे रोज आपल्यासमोर येणारी फीड.

ही यंत्रणा आतून कशी चालते, याचं चांगलं वर्णन यूट्यूबच्याच अभियंत्यांनी २०१६ साली एका शोधनिबंधात केलं. काम दोन टप्प्यांत होतं. आधी लाखो व्हिडिओंमधून आपल्याला रुचतील असे काही शे निवडले जातात. मग त्यांची बारकाईने तुलना होऊन मोजकेच पडद्यावर येतात. निवडीचा मुख्य आधार इतरांचं वागणं: तुमच्यासारखं पाहणाऱ्यांनी पुढे काय पाहिलं? निबंधातले दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा, की नुकतंच काय शोधलं यावर यंत्रणा जास्त विसंबली, तर मुख्य पानावर त्याच शोधाचे निकाल पुन्हा येतात, आणि हे फार वाईट चालतं. म्हणून त्यांनी शोधशब्दांचा क्रम मुद्दाम पुसून टाकला. शोधताना माणसाचं मन एका अवस्थेत असतं आणि चाळताना दुसऱ्या, असं मला यातून दिसतं. दुसरा तपशील असा, की एखाद्या संगीतप्रकारात शिरताना लोक आधी सर्वांत लोकप्रिय कलाकार ऐकतात आणि मग हळूहळू कमी माहितीच्या कलाकारांकडे सरकतात. म्हणजे नव्याची ओळख होण्यालाही एक दिशा असते.

या यंत्रणेचा आवाका मोठा आहे. यूट्यूबचे तेव्हाचे मुख्य प्रॉडक्ट अधिकारी नील मोहन यांनी २०१८ साली सांगितलं होतं की लोक यूट्यूबवर जो वेळ घालवतात, त्यातला ७० टक्क्यांहून अधिक शिफारशींतून येतो.

मग प्रश्न मिटला का? नाही, कारण इतरांच्या वागण्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत नशिबाचा वाटा मोठा असतो. मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक सुंदर प्रयोग मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४,३४१ श्रोते. काही श्रोत्यांना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं, आणि तिथे आपल्याच जगातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरीही आकडे दिसणाऱ्या जगांत लोकप्रिय आणि उपेक्षित गाण्यांमधली दरी वाढली, आणि एका जगात वर आलेलं गाणं दुसऱ्यात मागे पडलं. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा डोक्यावर चढली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं, आणि बहुतेक क्रिएटर या मधल्यांतच मोडतात.

फीडवर बोट सरकवण्याला मी चाळणं म्हणत नाही, याचंही कारण विज्ञानात आहे. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९९ साली मांडलं की माणूस माहिती शोधतो ती प्राणी अन्न शोधतात त्याच रीतीने. माहितीला जणू वास असतो. मथळा, चित्र, दोन ओळींचं वर्णन यावरून आपण आत काय असेल ते हुंगतो. त्यामागे परिस्थितीकीतला, म्हणजे सजीव आणि परिसर यांच्या नात्याच्या शास्त्रातला, एरिक चार्नोव्ह यांचा १९७६ सालचा सिद्धांत आहे. चरण्याची एक जागा सोडून दुसरीकडे कधी जावं? सध्याच्या जागेची मिळकत आसपासच्या सरासरीइतकी खाली आली की. आणि दोन जागांमधलं अंतर कमी असेल, तर जनावर पहिली जागा लवकर सोडतं. फीडमध्ये हे अंतर अंगठ्याच्या एका हालचालीएवढं आहे. म्हणून तिथे आपण कुणापाशीच थांबत नाही आणि सावकाश रंगत जाणाऱ्या क्रिएटरला त्याचा फटका बसतो. शिवाय पुढची जागा कोणती, हे आपण निवडतच नाही, ती समोर आणून ठेवली जाते.

खऱ्या चाळण्याचं वर्णन माहितीशास्त्राच्या अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ साली केलं. एका प्रश्नाला एक उत्तर असं खरा शोध चालत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. उन्हाळ्यात करवंदं वेचावीत तसा तो चालतो: एका जाळीत दोन मिळतात, पुढच्या जाळीत चार, आणि वाटेत आपण काय शोधतोय तेही बदलत जातं. जाणकार वाचक काय काय करतात याची यादीही त्यांनी दिली. तळटीपांवरून मागे जाणं, कुणी कुणाचा संदर्भ दिला ते पाहणं, एका नियतकालिकाचे अंक सलग चाळणं, एकाच लेखकाचं सगळं वाचणं, शेल्फवरच्या शेजाऱ्यांवर नजर टाकणं. यातलं जवळजवळ सगळं आज क्रिएटर शोधताना लागू पडतं. आवडलेल्या मुलाखतीतल्या पाहुण्याचं स्वतःचं चॅनल पाहावं. वर्णनात कुणाचे आभार मानलेत, चित्रण किंवा संकलन कुणाचं आहे ते वाचावं. कुणी हौसेने केलेली प्लेलिस्ट मिळाली तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी, कारण तिचा शेजार माणसाने लावलेला असतो. एखाद्याचा पहिल्या वर्षातला व्हिडिओ पाहावा, त्याची नजर तिथे जास्त उघडी दिसते. सर्च वापरायचाच, तर निकालांना 'चॅनल' हे फिल्टर लावावं आणि एकच विषय तीन-चार नावांनी, दोन्ही लिप्यांत टाकून पाहावा.

मराठीत हे का जास्त महत्त्वाचं आहे, ते साध्या संभाव्यतेतून दिसतं. समजा एखादा व्हिडिओ असा आहे की तो समोर आला तर १०० पैकी ५ जण उघडतात. यंत्रणेने तो १०,००० लोकांना दाखवला, तर उघडणारे बहुधा ४५५ ते ५४५च्या दरम्यान येतील आणि व्हिडिओची खरी योग्यता कळेल. पण तो १०० जणांनाच दाखवला, तर निव्वळ योगायोगाने हा आकडा १ ते ९ यांपैकी कितीही येऊ शकतो. त्यातला १ आला की व्हिडिओ वाया गेलेला दिसतो आणि ९ आले की गाजणारा, आणि व्हिडिओ तोच असतो. नव्या क्रिएटरला मिळणारी पहिली चाचणी जितकी लहान, तितका तिचा निकाल बेभरवशाचा. लहान भाषेतल्या, त्यातही लहान विषयावरच्या क्रिएटरला हे शंभरच वाट्याला येण्याची शक्यता जास्त.

इथेच त्या २०१६च्या निबंधातला आणखी एक निर्णय कामाला येतो. यंत्रणेला शिकवताना अभियंत्यांनी फक्त शिफारशींतून झालेलं पाहणं वापरलं नाही. यूट्यूबवरचं सगळं पाहणं वापरलं, इतर संकेतस्थळांवर जोडलेल्या व्हिडिओंचंसुद्धा. कारण त्यांनी स्वतःच दिलं आहे: लोक आपल्या शिफारशींशिवाय काही शोधून काढत असतील, तर तो शोध लवकरात लवकर इतरांपर्यंत पोचावा. म्हणजे कुणी गटावर दुवा टाकला, किंवा एखाद्या मोठ्या चॅनलने छोट्या चॅनलचं नाव घेतलं, आणि त्यावरून चाळीस-पन्नास जणांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की त्या पाहण्यातून यंत्रणेला त्याचे शेजारी कळू लागतात. जो कुणी पुढे त्यातला एखादा शेजारी पाहील, त्याच्या फीडमध्ये तो येण्याची वाट तिथून उघडते.