गोळीला काय ठाऊक, कुठे दुखतंय!

डोकं दुखलं की गोळी डोक्यात जाते आणि गुडघा दुखला की गुडघ्यात, असं मानणारी चांगली शिकलेली माणसं भेटतात. ‘साध्या गोळीने भागलं नाही तर तीच जास्त पॉवरची घ्यायची’ हा त्याचाच पुढचा समज. प्रत्यक्षात गोळी रक्तातून अंगभर फिरते आणि तिला चिकटायला जागा मिळेल तिथे काम करते. आयब्युप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी आणि अफूतून मिळणारं मॉर्फिन यांच्या या जागाच निराळ्या आहेत.

दारात बोट चेमटलं की दुखावलेल्या पेशींमध्ये कॉक्स नावाचं एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन बनवू लागतं. त्यामुळे तिथले चेतातंतू इतके हळवे होतात की नुसता स्पर्शही सहन होत नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन हे कॉक्सच बंद पाडतात. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनचं हे गुपित उलगडलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. जठराच्या अस्तराला मात्र हेच प्रोस्टाग्लँडिन जपतात, म्हणून या गोळ्या पोटाला बाधतात. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

मॉर्फिन बोटाच्या सुजेकडे फारसं लक्षच देत नाही. खरी गंमत मज्जारज्जूत आहे. बोटाकडून आलेली चेतापेशी तिथे संपते, दुसरी सुरू होते, आणि मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. संदेश टोकाशी पोचला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि ग्लुटामेट, सबस्टन्स पी ही रसायनं फटीत सांडतात. टोकावरच्या म्यू रिसेप्टरला, म्हणजे मॉर्फिनला चिकटायच्या जागेला, मॉर्फिन चिकटलं की आतल्या बाजूचं, संदेश पुढे नेणारं जी-प्रथिन सुटं होतं आणि त्याचा बीटा-गॅमा भाग या कॅल्शियमच्या वाहिन्यांना आवर घालतो. रसायन सांडतच नाही, निदान पुरेसं नाही. पलीकडच्या पेशीवरही म्यू रिसेप्टर असतातच. तिथे पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं, आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि पेशी सहजासहजी चेततच नाही. म्हणजे सांगणाऱ्याचं तोंड धरलं आणि ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घातले! मेंदूतही हे रिसेप्टर आहेत, त्यामुळे ‘दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही’ असं रुग्ण सांगतात.

हे रिसेप्टर अफूसाठी घडलेले नाहीत. १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवत असलेली एन्केफॅलिन ही मॉर्फिनसारखी रसायनं शोधली. ती याच कुटुंबातल्या रिसेप्टरांवर बसतात. पण असेच रिसेप्टर श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात आणि आतड्यातही आहेत. म्हणून मात्रा वाढली की श्वास मंदावतो, जिवावर बेततं. बद्धकोष्ठता तर नेहमीचीच. नॅलोक्सोन वेळेवर दिलं तर ते मॉर्फिनला हुसकावून ती जागा अडवतं आणि श्वास परत येतो. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मॉर्फिन खसखशीच्या झाडाच्याच चिकातलं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन या नव्या वेदनाशामकाला मंजुरी मिळाली, तेव्हा ‘ओपिऑइडचा (म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा) अंत’ वगैरे मथळे झळकले. हे औषध वेदना वाहणाऱ्या चेतापेशींमधली एनएव्ही १.८ ही सोडियम वाहिनी बंद करतं, त्यामुळे श्वासाच्या केंद्राला धक्का लागत नाही. कल्पना देखणी आहे. पण मंजुरी आहे ती प्रौढांच्या तात्पुरत्या, मध्यम ते तीव्र वेदनांसाठी, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांत ते हायड्रोकोडोन हे ओपिऑइड आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही.