वाळकेश्वर आणि बाबुलनाथ: मलबार हिलच्या दोन शंकरांचा घोळ

‘वाळकेश्वरच्या शंकराला जाऊन आलो’ असं सांगणारे बरेच जण प्रत्यक्षात बाबुलनाथला जाऊन आलेले असतात. यात त्यांची फारशी चूक नाही. वाळकेश्वर रोड सुरू होतो गिरगाव चौपाटीच्या टोकापासून, आणि तिथेच वर टेकाडावर बाबुलनाथचं शिखर दिसतं. खुद्द वाळकेश्वर मात्र तिथून दोन-अडीच किलोमीटर पुढे, तीन बत्ती ओलांडून, राजभवनाच्या अलीकडे समुद्राच्या बाजूला उतरणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत आहे. डोंगर एकच आणि देवही एकच, त्यामुळे नावांची सरमिसळ होते. कथा मात्र एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.

वाळकेश्वरची कथा अशी. सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण इथे मुक्कामाला होते. रामाच्या पूजेसाठी लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणत असे. एके रात्री त्याला उशीर झाला. पूजेची वेळ टळू नये म्हणून रामाने किनाऱ्यावरच्या वाळूचीच पिंडी केली आणि पूजा उरकली. वाळूचा ईश्वर तो वाळुकेश्वर. मागाहून लक्ष्मण काशीचं लिंग घेऊन पोचला, तेव्हा तेही इथेच स्थापलं. मग तहान लागली. चहूकडे खारं पाणी. रामाने जमिनीत बाण मारला आणि पाताळातून गोडी गंगा वर आली, तीच बाणगंगा, देवळाशेजारचं तळं.

ही कथा ऐकल्यावर रामेश्वरम आठवलं नाही तर नवल. तिथेही लिंग आणायला गेलेला हनुमान वेळेत परतत नाही, मुहूर्त टळू नये म्हणून सीता वाळूचं लिंग करते, आणि मागून आलेलं लिंगही पूजेत राहतं. सांगाडा तोच, पात्रं बदललेली. मला हा कथेचा कमकुवतपणा वाटत नाही. दक्षिणेच्या समुद्राला जे माहात्म्य होतं, ते आपल्या बेटाच्या टोकालाही आहे, असा तो दावा आहे. माझ्या मते वाळकेश्वरचा खरा जीव मात्र बाण मारून पाणी काढण्याच्या भागात आहे.

कारण तळ्याशी उभं राहिल्यावर प्रश्न पडतोच. समुद्र हाकेच्या अंतरावर, भरतीच्या लाटांचा आवाज येतो, आणि तळ्यातल्या झऱ्याचं पाणी गोडं. तळं शिलाहारांच्या काळातलं. त्यासाठी ११२७ हे साल सांगितलं जातं. मधोमध एक खांब उभा आहे, तीच बाण लागल्याची जागा म्हणतात. मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानीत पाडलं गेलं. परके आले तेव्हा मूळ वाळुकेश्वराने स्वतःच समुद्रात उडी घेतली, असं लोककथा सांगते. देव पाडला गेला म्हणण्यापेक्षा देव निघून गेला म्हणणं भक्ताला सोपं गेलं असावं.

देऊळ पुन्हा उभं राहिलं १७१५ मध्ये, रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याच्या पैशातून. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतला हा मातब्बर माणूस. पण पुढे पाचच वर्षांनी कान्होजी आंग्र्यांशी संधान असल्याचा आरोप त्याच्यावर आला, खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि तो कैदेतच वारला. ज्या पत्रांवर त्याला दोषी ठरवलं, ती बनावट होती हे मागाहून बाहेर आलं. देऊळ आणि तळं आजही गौड सारस्वत ब्राह्मणांच्या ट्रस्टकडे आहे, काठावर मठ आहेत, आणि परिसरात कोंकणी कानावर पडते.

वाळकेश्वरचीच आणखी एक परंपरा आता जवळजवळ विस्मरणात गेली आहे. टोकावरच्या खडकात श्रीगुंडी नावाची एक कपार होती. तिच्यातून अंग चोरून पलीकडे गेलं की पाप धुऊन निघतं, अशी श्रद्धा. राघोबादादा पेशवे मुंबईत असताना तिच्यातून गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे यांचीही नावं या संदर्भात घेतली जातात. ते टोक आज राजभवनाच्या कुंपणाआड आहे, म्हणजे पाप धुवायचं तर आधी परवानगी काढावी लागेल.

बाबुलनाथची कथा अगदी वेगळ्या वळणाची. तिथे राम नाही, लक्ष्मण नाही, कुणी काही घडवतही नाही. पांडुरंग नावाच्या सोनाराची ही कुरणं. त्याची कपिला गाय संध्याकाळी दूध देईना. गुराख्याला विचारलं, तर तो म्हणाला, ती एका ठरावीक जागी जाऊन पान्हा सोडते. जागा खणली, तर खाली पिंडी. गुराख्याचं नाव बाबुल म्हणून बाबुलनाथ, किंवा जागा बाभळीखाली होती म्हणून. दोन्ही सांगतात, आणि दोन्ही ऐकायला बरी वाटतात. पिंडीबरोबर गणपती, हनुमान, पार्वती आणि आणखी एक मूर्ती निघाली. ती पाचवी भंगल्यामुळे समुद्रात विसर्जित केली असं म्हणतात.

गाईने पान्हा सोडून देव दाखवायचा हा प्रकार कोकणच्या वाचकाला नवा नाही. गणपतीपुळ्याची कथाही याच वाणाची. अशा कथेत देव स्वयंभू असतो, तो आधीपासून जमिनीत असतो, माणसाने फक्त माती बाजूला करायची. आणि जमीन म्हटलं की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला: ती कुणाची? बाबुलनाथच्या बाबतीत ती दादीशेठ या पारशी घराण्याची होती, जवळ पारशांचे दखमे, म्हणजे मृतदेह ठेवायचे मनोरे, होते, आणि तिथे देऊळ व्हायला त्यांचा विरोध होता. पहिलं देऊळ १७८० मध्ये उभं राहिलं तरी वाद पुढे बराच काळ चालला आणि शेवटी कोर्टात देवळाच्या बाजूने मिटला. आजचं शिखराचं देऊळ १८९० चं. त्यामागे भाटिया आणि गुजराती व्यापाऱ्यांचा पैसा आहे, बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय आहे. म्हणूनच इथल्या रांगेत मराठीइतकीच, किंबहुना जास्तच, गुजराती ऐकू येते. चढायला पायऱ्या आहेत, नाहीतर लिफ्ट.

गंमत म्हणा किंवा काळाचा महिमा म्हणा, दुधामुळे सापडलेल्या या देवाला आता दूध चालत नाही. भेसळीचं दूध, रंगमिश्रित गुलाल, अत्तरं यांनी पिंडी झिजते, तडे जातात, ही काळजी २०२३ मध्ये चर्चेत आली, तपासणीसाठी आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली, आणि अभिषेक फक्त पाण्याचा ठरला. काही जुन्या भक्तांना हे रुचलं नाही. मला विचाराल तर स्वयंभू देव एकदाच सापडतो; तो जपलेला बरा.

तिकडे बाणगंगेचंही जपणं सोपं नाहीच. जून २०२४ मध्ये गाळ काढायला आणलेलं यंत्र कंत्राटदाराने थेट पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि शेकडो वर्षांचे दगड फुटले. गुन्हा दाखल झाला, पायऱ्या पुन्हा बसवायची कामं निघाली.

जायचं कशासाठी, यावरही दोघांत फरक पडतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे बाबुलनाथचे दिवस. पहाटेपासून रांग खाली रस्त्यापर्यंत येते. वाळकेश्वरला तेव्हा गर्दी असते, पण तिथला मोठा दिवस सर्वपित्री अमावास्येचा. पायऱ्यांवर जागोजागी भटजी, समोर पत्रावळीवर काळे तीळ लावलेले भाताचे पिंड, बोटात दर्भाचं पवित्रक घातलेला मुलगा, पाण्यात बदकांची रांग, आणि कठड्यावर कावळा यायची वाट पाहणारी माणसं. दहावं-बारावं करायला येणारेही वर्षभर असतात. त्रिपुरी पौर्णिमेला त्याच पायऱ्यांवर पणत्या लागतात.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वाळकेश्वर’ सांगितलंत तर तो तीन बत्तीला सोडून मोकळा होईल. ‘बाणगंगा’ म्हणा. बाबुलनाथला टॅक्सीची गरजच नाही. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरून चालत पोचता येतं. दोन्ही एकाच दिवशी करायची असतील तर आधी बाबुलनाथ करा, मग वाळकेश्वर, म्हणजे शेवटी तळ्याच्या पायऱ्यांवर निवांत टेकता येतं.