ओव्हनमध्ये फोन वाजला, मग?

मावशीने मायक्रोवेव्हचा प्लग काढला, माझा फोन आत ठेवून दार लावलं आणि स्वतःच्या फोनवरून मला रिंग दिली. आतून रिंगटोन खणखणीत! "बघ, लाटा आत जातात, म्हणजे बाहेरही येत असणार."

तर्क सरळ आहे, पण फोन फार तिखट कानाचा. घरात पोचणारा टॉवरचा संदेश वॅटच्या अब्जाव्या भागाइतका क्षीण असू शकतो. त्याचा दहा हजारावा भाग दारातून शिरला तरी फोनला पुरतो. आता 800 वॅटच्या ओव्हनमधून तेवढाच हिस्सा निसटला असं धरा: 0.08 वॅट. घरातला वायफाय राउटरही साधारण इतकंच फेकत असतो. शिवाय दार बांधलेलं असतं ओव्हनच्या 2450 मेगाहर्ट्झच्या लाटेसाठी; फोनचे बँड वेगळे.

ओव्हनच्या लाटेची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर. दारातल्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. त्यांतून ती जवळजवळ जातच नाही. प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी, म्हणून आतला चहा दिसतो. खरी मेख दाराच्या कडेला आहे. तिथे फट राहतेच. म्हणून कडेच्या आत पाव लाटेइतकी, म्हणजे तीनेक सेंटीमीटरची खाच लपवलेली असते. तीत शिरलेली लाट अशी उलटून येते की फटीतली लाट तिथेच अडते. याला चोक म्हणतात.

लाटेची लांबी पापडावर मोजता येते. फिरती थाळी काढा, ती फिरवणाऱ्या खुंटीवर बशी पालथी घाला, म्हणजे पापड फिरणार नाहीत, वर दोन-तीन पापड शेजारी मांडा आणि दहा-पंधरा सेकंद चालवा. पापड ठिपक्याठिपक्यांनी फुलतो. शेजारच्या ठिपक्यांत साधारण 6 सेंटीमीटर, म्हणजे अर्धी लाट. नक्षी जरा वेडीवाकडी येते, तेव्हा दोन-चार जागी मोजून बघा.

गळती मुळीच नसते असं नाही. आत पेलाभर पाणी ठेवून ओव्हन चालवा आणि शेजारी 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे ओव्हनच्याच लाटेजवळच्या, वायफायवर व्हिडिओ लावा. बऱ्याचदा तो अडखळतो. नियमाची मर्यादा दारापासून 5 सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला 5 मिलीवॅट. ती पाळली जाते का, हे फोन सांगू शकत नाही. वाकलेलं दार, ढिली बिजागरी, नीट न बसणारी कड, हे मात्र डोळ्यांना दिसतं.

मावशीच्या ओव्हनच्या दारात हात पुसायचं फडकं कायम चेपलेलं असतं. ते मी काढून खिळ्याला टांगलं.