भारत–पोर्तुगाल राजनैतिक संबंध आणि बेळगाव सीमाभाग

स्वतंत्र भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध 1949 मध्ये सुरू झाले, 1955 मध्ये तुटले आणि 1974 च्या अखेरीस पुन्हा जुळले. दिल्लीहून लिस्बन हजारो किलोमीटर दूर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीचे रान ओलांडले की मात्र 1961 पर्यंत पोर्तुगालचीच हद्द, म्हणजे गोवा, लागे. त्यामुळे या संबंधांतला प्रत्येक चढउतार बेळगावने जवळून अनुभवला.

येथील व्यवहार वकिलातींहून कितीतरी जुना. 1878 च्या ब्रिटिश–पोर्तुगीज तहानंतर गोव्यातल्या मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधली गेली आणि लोंढ्यामार्गे ती सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. देशावरचा माल याच घाटाने बंदरात उतरे.

फेब्रुवारी 1950 मध्ये भारताने गोव्याबाबत बोलणी सुचवली. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारचे म्हणणे. चर्चेला त्यात जागाच नव्हती. 11 जून 1953 रोजी भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्याच महिन्यात दिल्लीतील पोर्तुगीज वकिलातही बंद झाली. पुढे भारतातील पोर्तुगालचे काम ब्राझीलने पाहिले, पोर्तुगालमधील भारताचे इजिप्तने. सीमाभागात याचा अर्थ सरळ होता : नाकेबंदी झाली आणि कॅसलरॉकहून खाली गोव्यातल्या कुळ्याकडे जाणारी गाडी थांबली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव स्वतःच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात घातले गेले. शेजारचा गोवा मुक्त व्हावा आणि आपले गाव मराठी राज्यात राहावे, अशा दोन्ही प्रश्नांनी इथला मराठी माणूस एकाच वेळी पेटला होता. सीमालढ्याच्या इतिहासात यातला पहिला धागा फार थोडक्यात उरकला जातो, आणि ते अन्यायाचे आहे.

कॅसलरॉकच्या जंगलाचा मान वेगळाच. गोवा मुक्तिलढ्यातले कार्यकर्ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर 1955 मध्ये आंबोली परिसरातून सुरू केलेले गुप्त नभोवाणी केंद्र पुढे इथे हलवले गेले आणि डिसेंबर 1961 पर्यंत चालले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून ते गोव्यातल्या घराघरांत बातम्या पोचवी. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असलेल्या मुलखात तेवढाच आधार होता. दोन माणसांची जंगलातली ही सहा वर्षांची चिकाटी कुठल्याही वकिलातीच्या कामगिरीपेक्षा कमी नाही.

डिसेंबर 1961 मध्ये मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील 17 व्या पायदळ डिव्हिजनची जमवाजमव बेळगावला झाली. 18 तारखेला बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर लढाऊ विमानांनी गोव्यातले बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. पायदळाची एक ब्रिगेड अनमोड घाटाच्या बाजूने खाली उतरली. 19 डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

लिस्बनने हा बदल तेरा वर्षे मानला नाही. एप्रिल 1974 च्या क्रांतीत तिथली हुकूमशाही कोसळली, तेव्हा वाट मोकळी झाली. 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत झालेल्या करारावर पोर्तुगालतर्फे तिथले परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात मान्य केले, तेही हे प्रदेश भारतात सामील झाल्याच्या मूळ तारखांपासून.