गोंगाटाच्या शंभरपट खाली असलेला सिग्नल ऐकायचा कसा?

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला खेटून उत्तरेकडे सरकलं. माड, आंबे, फणस वीजतारांवर आडवे झाले, बऱ्याच गावांत वीज गेली ती लवकर आलीच नाही, आणि पाठोपाठ मोबाईलची रेंजही गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते: ‘विजेला तारा लागतात, ती जाणारच. पण मोबाईल तर वायरलेस! तो कशाला बंद पडतो?’

मोबाईल वायरलेस असतो तो तुमच्या हातापासून जवळच्या टॉवरपर्यंत. तिथून पुढे बहुतेक प्रवास ऑप्टिकल फायबरचा. ते फायबर कुठे रस्त्याच्या कडेने पुरलेलं असतं, कुठे खांबांवरून नेलेलं. दरड कोसळली किंवा खांब पडला की टॉवर उभाच राहतो, पण त्याचं कोणाशी बोलणं होत नाही. शिवाय टॉवरला वीज लागते. वीज गेल्यावर बॅटरी काही तास रेटते, मग डिझेल जनरेटर, आणि रस्त्यावर झाडं पडलेली असली की डिझेल आणणार कोण? 2017 मध्ये मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिकोमधले सुमारे 95 टक्के मोबाईल टॉवर बंद पडले होते. ते जवळजवळ सगळे एकाच वाऱ्याने मोडून पडले असं नव्हे. वीज आणि मागचा फायबर, या दोन नाड्या तुटल्या की पुरतं.

सरकारने यावर काहीच केलेलं नाही, असं नाही. 2023 मध्ये देशभर चाचण्या झाल्या तेव्हा आपले फोन अचानक भोंग्यासारखे कोकलले होते, ते सेल ब्रॉडकास्ट. त्यात टॉवर प्रत्येक फोनला वेगळा एसएमएस धाडत बसत नाही. एकच संदेश त्याच्या क्षेत्रातले सगळे फोन एकदम उचलतात, त्यामुळे गर्दी कितीही असो, लाइन तुंबत नाही. त्याच वर्षी बिपरजॉय वादळात गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत कुठल्याही कंपनीचं सिम दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालेल अशी सोय केली होती. दोन्ही उत्तम. पण दोन्हींना निदान एक तरी टॉवर जिवंत लागतो.

मग उपग्रह? त्याला खालचे टॉवर लागत नाहीत हे खरं, पण आपल्याकडे उपग्रह-संपर्काची यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर डोंगरभटक्यांचं असं यंत्र सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलीस-कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून जे काम केलं ते अजोड होतं, पण त्याला परीक्षा देऊन मिळवलेला परवाना आणि सराव हवा. वाळपईतल्या दुकानदाराला किंवा काणकोणच्या पंचाला आज विकत घेऊन उद्या वापरता येईल असं काय आहे?

एक गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख तिच्यासाठीच लिहिला आहे. तिचं नाव लोरा. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरातल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने ही पद्धत काढली. 2012 मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. काड्यापेटीएवढा सर्किट बोर्ड, बोटभर अँटेना, आणि शक्ती एका वॉटच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा शक्ती आणि पट्टारुंदीच्या मर्यादा पाळून परवान्याशिवाय वापरता येतो. उघड्यावर, उंचावरून, एवढ्याशा शक्तीत हा बोर्ड कित्येक किलोमीटरवर निरोप पोचवतो. कसा?

रेडिओच्या कुठल्याही पट्ट्यात गोंगाट असतोच. काही गोंगाट आपल्या यंत्रांचा, पण सगळी यंत्रं बंद केली तरी उरतो तो उष्णतेचा. धातूतले इलेक्ट्रॉन तापमानामुळे थरथरत असतात त्याचा. साध्या रेडिओत सिग्नल या गोंगाटाच्या वर असावा लागतो, नाहीतर नुसती खरखर. लोरा मात्र गोंगाटाच्या शंभरपट खाली असलेला सिग्नल वाचतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही विक्रेत्याची थाप वाटली होती.

गवई षड्जावरून तार षड्जापर्यंत न तुटता मींड घेतो, तसं लोराचं यंत्र 125 किलोहर्ट्झच्या पट्ट्याच्या तळापासून माथ्यापर्यंत एकसारख्या वेगाने वारंवारता चढवत नेतं. या चढाला चर्प म्हणतात. माहिती आवाजाच्या जोरात नसते, चढ कुठून सुरू केला यात असते. पट्ट्यात 4096 पायऱ्या मानल्या, तर मींड 1700 व्या पायरीवरून सुरू करायची, माथ्याला पोचली की झटकन तळाला यायचं आणि पुन्हा 1700 पर्यंत चढायचं. 4096 म्हणजे 2 चा 12 वा घात, म्हणजे एका चर्पमध्ये 12 बिट. वेळ 32.8 मिलिसेकंद.

आता ऐकणाऱ्याचं काम. त्याच्याकडे नेमकी उलटी, त्याच वेगाने उतरणारी मींड तयार असते. आलेला सिग्नल तो तिने गुणतो. गुणाकारात वारंवारतांची बेरीज होते. एक जेवढी चढते तेवढीच दुसरी उतरते, म्हणून बेरीज स्थिर राहते. पसरलेल्या चढाचा एकच सपाट सूर होतो, आणि तो सूर कुठल्या पायरीवर पडला यावरून सुरुवात कळते. गोंगाटाला गुणलं तर मात्र काही होत नाही. तो मुळातच वेडावाकडा, गुणाकारानंतरही वेडावाकडाच, सगळ्या 4096 पायऱ्यांच्या कप्प्यांत सारखा विखुरलेला. म्हणजे पूर्ण 32.8 मिलिसेकंदांची सिग्नलची पुंजी एका कप्प्यात, आणि गोंगाटाचा फक्त 4096 वा हिस्सा त्या कप्प्यात. सिग्नल एकूण गोंगाटाच्या शंभराव्या भागाएवढा असला, तरी त्या एका कप्प्यात तो 4096 भागिले 100, म्हणजे सुमारे 41 पट मोठा दिसतो. बस्स, एवढंच. आकडेमोड शाळेतली आहे, तरी मी अजून तिच्यावर फिदा आहे.

जरा खोलात जायचं तर: यंत्राची वारंवारता ठरवणारा स्वस्त क्रिस्टल उन्हात तापला की त्याची वारंवारता सरकते, आणि साधे अरुंद पट्ट्याचे रेडिओ तिथे मार खातात. चर्पमध्ये ही चूक म्हणजे सगळ्याच पायऱ्या सारख्याच अंतराने सरकणं. निरोपाआधी काही ठरावीक चर्प येतात, त्यांवरून ऐकणारा ते सरकणं मोजतो आणि वजा करतो. म्हणून हे यंत्र स्वस्तात बनतं. ज्यांचं डोकं इथे गरगरलं त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

या सगळ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. 4096 पायऱ्यांच्या या सर्वांत चिवट सेटिंगला वेग सेकंदाला 300 बिटसुद्धा भरत नाही. 100 बाइटचा निरोप जायला सुमारे 4 सेकंद लागतात. 200 किलोबाइटचा एक फोटो पाठवायचा म्हटला तर सुमारे दोन तास. आवाज नाही, व्हिडिओ नाही. ‘नेटवर्कशिवाय अमर्याद कॉलिंग’ असं सांगून कोणी लोराचं यंत्र विकत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

इथे मराठी माणसाला एक अडचण आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार यूटीएफ-8 या संगणकी अक्षर-पद्धतीत 3 बाइट खातो. ‘पूल बंद. पाणी वाढतंय.’ एवढ्याला 53 बाइट. रोमी लिपीत कोकणी लिहिणारा सासष्टीकर हेच वीस-पंचवीस बाइटमध्ये उरकतो. लोराचं एक पाकीट, म्हणजे एका दमात जाणारा निरोप, फार तर 255 बाइटचं. लिपीचा वाद पुरापुरता बाजूला ठेवून गावाने आधीच आकडी खुणा ठरवाव्यात: 1 म्हणजे रस्ता बंद, 2 म्हणजे औषध हवं, 3 म्हणजे होडी पाठवा. एक खूण, एक बाइट.

एकेकट्या यंत्राने भागत नाही, म्हणून जाळं. 2020 पासून चालत आलेलं मेश्टॅस्टिक हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. फोन ब्लूटूथने यंत्राला जोडायचा आणि लिहायचं. मुख्य केंद्र कुठेच नाही. निरोप ऐकला की प्रत्येक यंत्र तो पुढे ओरडतं. सगळीच एकदम ओरडली तर कल्ला, म्हणून त्यात एक युक्ती आहे: ज्याला निरोप क्षीण ऐकू आला ते यंत्र आधी बोलतं, कारण ते बहुधा लांब आहे आणि त्याच्या बोलण्याने निरोप जास्त पुढे जाईल. जवळची यंत्रं थांबतात, आणि कोणीतरी आधीच बोललेलं ऐकलं तर गप्प बसतात. शिवाय निरोप ठरावीक उड्यांनंतर मरतो, एरवी 3, जास्तीत जास्त 7. एक यंत्र वाहून गेलं तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो, त्यासाठी कोणाला काही बदलावं लागत नाही. चिप कमी खाणारी असली तर एका लिथियम सेलवर यंत्र आठवडाभर चालतं, खादाड असली तर दीड दिवस.

छपरावर असा अँटेना दिसला की शेजारी ‘रेडिएशन’ म्हणणार हे गृहीत धरा. तौक्ते आलं त्याच मे महिन्यात, 5जीमुळे कोरोना पसरतो ही अफवा इतकी फोफावली होती की दूरसंचार खात्याला खुलासा काढावा लागला. देशात तेव्हा 5जीची चाचणीसुद्धा सुरू झालेली नव्हती. 866 मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची, म्हणजे त्या लहरीतल्या सर्वांत लहान पुडीची, ऊर्जा रेणूतला बंध तोडायला लागते त्याच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास आहे. ‘आज रात्री कॉस्मिक किरणं येणार, मोबाईल बंद ठेवा’ हे फॉरवर्ड धाडणाऱ्यांनीही हा आकडा लिहून ठेवावा.

गोव्याची जमीन या जाळ्याला अर्धी अनुकूल आहे. 100 मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, यंत्र ठेवलं तर त्याचं रेडिओ क्षितिज, म्हणजे आड काही नसताना सिग्नल पोचण्याची हद्द, सुमारे 41 किलोमीटरवर असतं, आणि अख्खं राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम 105 किलोमीटर. किनारपट्टी अशा मोजक्या सड्यांवरून झाकता येईल. खरी पंचाईत पूर्वेला आहे, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या दऱ्यांत. डोंगराआड सिग्नल वळत नाही. आणि पूर तिथेच येतो: 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात आला, जुलै 2021 मध्ये म्हादईच्या खोऱ्यात आला. तिथे प्रत्येक वाडीला डोंगराच्या धारेवर एक मधला पाडाव लागेल, तोही जून-जुलैच्या ढगांत सौर पॅनलवर तग धरणारा.

पावसाची भीती मात्र अनाठायी आहे. सर आली की घरचं डिश टीव्ही जातं, कारण त्याच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात आणि थेंब त्यांना अडवतात. लोराची लहर 35 सेंटिमीटरची. काही मिलिमीटरचा थेंब तिच्या खिजगणतीत नाही. तिला अडवतात ती ओली पानं. कुळागरातली पोफळ-माडांची दाटी पावसात निथळत असते तेव्हा तीच वाट कोरड्या दिवसांपेक्षा बरीच जड जाते. म्हणून ज्या गावाला हे जाळं उभारायचं आहे त्याने यंत्रं जानेवारीत बसवावीत, पण पुरे आहेत की नाहीत याची चाचणी जुलैत घ्यावी, भर सरीत.