बाईकवरून लांबच्या ट्रिपला निघताय? स्पेअर आणि पाने काय घ्यायचे, काय नाही

मे-जून आला की आमच्या स्पेअरच्या दुकानात काउंटरवर रोज कुणीतरी मोबाईलमध्ये यादी घेऊन येतं, त्यात क्लच प्लेटपासून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत सगळं असतं, आणि म्हणतं हे सगळं बांधून द्या, लेहला निघालोय. द्यायला आमचं काय जातंय, धंदाच आहे तो, पण रस्त्याकडेला बसून क्लच प्लेट तुम्ही बदलणार आहात का? नसाल तर ते नुसतं ओझं. जी वस्तू गेली की गाडी जागेवर थांबते आणि जी तुम्हाला स्वतःला बसवता येते तेवढीच बॅगेत घ्या. बाकीचं निघायच्या आधी गाडीतच नवीन टाकून घ्या.

चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, यातलं काही निम्म्याच्या वर संपलं असेल तर इथंच बदला, आणि ते आदल्या दिवशी संध्याकाळी नको, निदान पंधरा दिवस आधी गाडी आणा. मग गगनबावडा नाहीतर आंबोलीला एक चक्कर मारून या, नवीन काम केलेलं कुठं ढिलं पडतंय, कुठं घासतंय ते त्या घाटातच कळतं.

कुठं चाललाय त्यावर पण बरंच आहे. कोल्हापूरहून कन्याकुमारी किंवा गोवा-गोकर्ण करायचं असेल तर दर तालुक्याला मेकॅनिक आणि स्पेअरचं दुकान आहे, पंक्चर किट, एक ट्यूब, वायरी आणि चार पाने एवढ्यात भागतं. मनाली-लेहचा विषय वेगळा. अटल टनेल २०२० ला सुरू झाल्यापासून रोहतांग चढायची गरज उरली नाही, पण पुढं बारालाचा ला, सरचू, तांगलांग ला (ला म्हणजे खिंड) हा सगळा पट्टा तसाच ओसाड आहे. तिथं गाडी बंद पडली तर मागून ट्रक येईपर्यंत बसायचं. ट्रक येतो, पण त्याच्याकडं तुमच्या गाडीची क्लच वायर नसते.

वायरी

क्लच वायर आणि रेसची वायर. क्लच वायर बहुतेक वेळा लिव्हरच्या टोकाला, निपलच्या (तारेच्या टोकाचा धातूचा छोटा गोळा) लगत तुटते. लिव्हर दाबताना निपल त्याच्या भोकात फिरायला पाहिजे, तिथं धूळ बसून कोरडं झालं की तो फिरत नाही आणि मग तार तिथंच वाकत राहते, एकेक तंतू तुटत जातो. म्हणजे वायर अचानक तुटली असं आपण म्हणतो पण ती आठवडाभर आधीपासून सांगत असते. लिव्हरवरचं रबर मागं सारून बघा, तंतू फुलल्यासारखे दिसले किंवा क्लच जड लागायला लागला तर समजून जा. निपलला ग्रीसचा एक थेंब लावला की अर्धं काम झालं.

आमचा सल्ला असा की गाडीला नवीन वायर टाका आणि जुनी, चांगली चालणारी वायर स्पेअर म्हणून ठेवा, ती तुमच्या गाडीला बसते हे नक्की माहीत असतं. ती बॅगेत न ठेवता चालू वायरीच्या शेजारूनच ओढून झिप टायने बांधून टाका, दोन्ही टोकांना प्लास्टिक गुंडाळून टेप मारा म्हणजे पाणी जाणार नाही. बांधून झालं की हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, मानेजवळ ताण येता कामा नये. उद्या तुटलीच तर टाकी न काढता फक्त दोन टोकं बदलायची. रात्री पावसात हे किती सुखाचं वाटतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

हिमालयन ४५० सारख्या राइड-बाय-वायर (रेस इलेक्ट्रॉनिक असलेल्या) गाड्यांना रेसची वायरच नसते, त्यांनी ती मागू नये (मागतात लोक).

ट्यूब आणि पंक्चर

आधी बघा टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस. स्पोकची चाकं असलेल्या बऱ्याच गाड्यांना अजून ट्यूबच असते. ट्यूबलेसवाल्यांनी स्ट्रिप (भोकात भरायची चिकट रबरी पट्टी), रीमर (भोक साफ करायचा दाभण) आणि सुई असलेलं किट घ्यायचं, पण टायरची बाजू फाटली तर स्ट्रिप टिकत नाही, म्हणून लडाख-स्पितीला जाताना एक ट्यूब त्यांनीही ठेवावी, व्हॉल्व्ह काढून आत ट्यूब टाकली की पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येतं.

ट्यूबवाल्यांनी पुढची एक, मागची एक. साइज टायरवर लिहिलेला असतो तो फोटो काढून आणा, "बुलेटची द्या" म्हणू नका. नवीन क्लासिक ३५० ला पुढं १००/९०-१९ आणि मागं १२०/८०-१८ लागते, जुन्या क्लासिकला पुढं ९०/९०-१९. दोन्हीही बुलेटच!

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: ट्यूब आणि पाने एकाच पिशवीत ठेवणं. हजार-दीड हजार किलोमीटर पान्याचं टोक ट्यूबवर घासत राहतं आणि गरजेच्या वेळी नवी कोरी ट्यूब बाहेर काढली की तीच पंक्चर. ट्यूबमधली सगळी हवा काढा, टाल्कम पावडर लावा, घट्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवा.

टायर उघडायला टॉमी (कड उचकटायची लोखंडी पट्टी) तीन घ्या, दोनमध्ये हात कमी पडतो. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्यावर दाबून कड सोडवता येते. परत बसवताना ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा भरा, आणि समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरा, मग शेवटचा टप्पा हातानेच जवळजवळ जातो. जोर करून टॉमी घातली की नवीन ट्यूब चिमटीत सापडते आणि काम पहिल्यापासून. साबणाचं पाणी असेल तर उत्तम. हवा भरायला १२ व्होल्टचा छोटा पंप चालतो, पण पायाचा पंप बॅटरी मागत नाही.

पाने

कंपनीच्या किटमधला प्लग पाना ठेवा, बाकीचे त्यातले पाने मऊ असतात, बोल्टची कड खातात. ६ एमएमच्या बोल्टला १० चा पाना लागतो, ८ एमएमला १२ किंवा १३ चा, या तीन साइजवर निम्मी गाडी खुलते. मग ऍलन कीचा सेट, पक्कड, नोज प्लायर, दोन टोकांचा स्क्रू ड्रायव्हर. आणि मागच्या एक्सलचा मोठा पाना! सगळं किट असतं, ट्यूब असते, पंप असतो, आणि चाकच काढता येत नाही कारण तो पाना घरी. बुलेटला बहुतेक २४ चा लागतो, तुमच्या गाडीचा कुठला ते घरी लावून बघा, आणि नट इतका आवळला आहे का की रस्त्यावर सुटणारच नाही तेही बघा.

फ्यूज गाडीतल्याच अँपिअरचे घ्या, जास्तीचा टाकला तर वायरिंग जळेल. क्लच आणि ब्रेकची लिव्हर एकेक, गाडी पडली की पहिली तीच मोडते. चेनची एक जोडकडी, चेनवर ५२०, ५२५ असा जो नंबर आहे त्याच नंबरची, आणि क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला ठेवायचं. एम-सील, इन्सुलेशन टेप, झिप टाय, बाइंडिंगची तार, चार नट-बोल्ट. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला एक प्लग जास्त घ्या, उंचीवर हवा विरळ झाल्याने पेट्रोल जास्त पडतं आणि प्लग काळा होतो. पण हवा जास्त मिळावी म्हणून एअर फिल्टर काढून फेकू नका, तिथली धूळ थेट इंजिनात जाते.

सगळं जुन्या जीन्सच्या कापडात गुंडाळून खाली, इंजिनच्या जवळ बांधा. मागच्या कॅरियरवर उंच नको, नाल्यातून जाताना गाडी डुलते. पंक्चरचं सामान मात्र वरच हाताशी. ग्रुपने जाताय तर एकसारख्या गाड्यांचं स्पेअर वाटून घ्या आणि पानेवाली बॅग सगळ्यात शेवटच्या गाडीवर, पहिल्या गाडीवर असली की तो गडी वीस किलोमीटर पुढं चहा पीत बसतो आणि इकडं रेंज नाही. तसंही लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, तेवढं असलं तर अडल्यावर आम्हाला फोटो पाठवा, बघून सांगतो.

दुकानातनं ट्रिपसाठी नेलेलं जे स्पेअर सील न फोडता परत येईल ते पावतीसह महिन्याभरात परत घेतो, ट्यूब आणि वायरी फक्त कंपनीच्या पॅकिंगमध्ये असतील तर. चाक काढायची, वायर बदलायची प्रॅक्टिस करायची असेल तर दुपारी दोननंतर या, त्या वेळेला गर्दी कमी असते, तुमच्याच गाडीवर तुमच्याच हाताने करून घेऊ, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी बंद.